मूषकाचे ऋण

२०२१ साली आणि त्यानंतरही महाराष्ट्रातील वृत्तपत्रांतून एक आवाहन वारंवार वाचावयास मिळाले. एखादे तान्हे बाळ मान धरत नाही, हातपाय हलवत नाही, हळूहळू त्याला गिळणे आणि श्वास घेणेही कठीण होऊ लागते. निदान होते 'स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी', अर्थात मज्जारज्जूतील चेतापेशी मरत गेल्याने स्नायू लुळे पडण्याचा आनुवंशिक आजार. त्यावरील एका इंजेक्शनची किंमत सोळा कोटी रुपये. आईवडिलांनी समाजापुढे हात पसरले आणि समाजाने ते रिकामे परत पाठवले नाहीत. कधी न पाहिलेल्या बाळासाठी हजारो अनोळखी माणसांनी आपल्या ऐपतीप्रमाणे शंभर-पाचशे रुपये पाठवले. समाज जिवंत आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता?

परंतु या कथेतील एका जीवाचा उल्लेख कोणत्याच आवाहनात नव्हता. तो जीव म्हणजे उंदीर. माणसाजवळ या आजाराशी संबंधित दोन जनुके असतात, उंदराजवळ एकच. ते एक काढून टाकले तर पिलू गर्भातच मरते, आणि मग आजाराचा अभ्यास करावयास काही उरत नाही. अमेरिकेतील आणि तैवानमधील संशोधकांनी २००० साली उंदराचे स्वतःचे ते जनुक काढून त्या जागी मानवाचे दुसरे, दुबळे जनुक घातले. त्यातून जन्मलेली पिले आपल्या बाळांसारखीच लुळी पडू लागली. पुढे अशाच आणखी एका वाणातील पिले जेमतेम दोन आठवडे जगत. २०१० साली ओहायोतील संशोधकांनी निरोगी जनुक वाहून नेणारा निरुपद्रवी विषाणू त्यांना जन्मतःच एकदा टोचला, आणि ती पिले अडीचशे दिवसांहून अधिक जगली. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ते सोळा कोटींचे इंजेक्शन या पिलांच्या अंगावरून आपल्यापर्यंत आले आहे.

ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी चतुर्थीला गणपतीपुढे मोदक ठेवताना मूषकापुढेही एक कण ठेवला जातो. म्हणून प्रश्न आपल्याच घरातला आहे. जन्मापूर्वीच ज्याच्या पेशीत आजार पेरला, असा जीव निर्माण करण्याचा अधिकार माणसाला आहे काय? असल्यास कोणत्या मर्यादेत? या प्रश्नाला 'हे पाप आहे' किंवा 'हे विज्ञान आहे' अशा दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळे होणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निर्मिती म्हणजे काय?

भावनेने बोलण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घेणे बरे. १९८२ साली अमेरिकेत राल्फ ब्रिन्स्टर आणि रिचर्ड पाल्मिटर यांनी मोठ्या जातीच्या उंदराच्या वाढीच्या संप्रेरकाचे जनुक छोट्या उंदराच्या फलित अंड्यात सोडले आणि भावंडांच्या जवळजवळ दुप्पट वजनाची पिले जन्मली. त्या छायाचित्राने जग थक्क झाले. त्यानंतर ठरावीक एक जनुक नेमके निकामी करण्याची पद्धत विकसित झाली. त्याबद्दल मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१३ पासून 'क्रिस्पर' या जनुकीय कात्रीमुळे ज्या कामाला वर्ष-दोन वर्षे लागत, ते काही महिन्यांत होऊ लागले.

या निर्मितीची एक बाजू सामान्य वाचकास ठाऊक नसते. मेंडेलने सांगितलेल्या नियमाप्रमाणे, बदललेल्या जनुकाची एक-एक प्रत बाळगणाऱ्या नर-मादीपासून झालेल्या चार पिलांत सरासरी एकाच पिलात दोन्ही प्रती येतात. दोन जनुके एकाच वेळी तशी हवी असतील तर सोळांत एक. उरलेली पिले बहुधा प्रयोगाच्या उपयोगाची नसतात. त्यांच्या शेपटीचा किंवा कानाचा कण तपासला जातो आणि 'नको असलेली' पिले मारली जातात. त्यांच्यावर प्रयोग झालेला नसतो, त्यांच्या मरणातून कोणतेही ज्ञान मिळालेले नसते. प्रयोगात मेलेल्या उंदराचा हिशेब शोधनिबंधात मांडला जातो. या पिलांचा हिशेब तेथे सहसा येत नाही. तंत्र सोपे झाले की वाण वाढतात आणि वाण वाढले की ही निष्फळ मरणेही वाढतात. आपली चिंता येथून सुरू झाली पाहिजे.

माकडाच्या जागी मूषक

तथापि चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि तिचा आपल्या देशाशी फार जवळचा संबंध आहे. पोलिओची लस बनवण्यासाठी आणि तपासण्यासाठी माकडे लागत. ती मुख्यतः भारतातून जात. पन्नासच्या दशकात वर्षाला लाखाहून अधिक माकडे आपल्या जंगलांतून आणि गावांतून पकडून जहाजांनी, विमानांनी अमेरिकेत पाठवली जात. ज्या देशात मारुतीरायाचे देऊळ नाही असे गाव सापडणे कठीण, त्या देशाने हा व्यापार वर्षानुवर्षे चालू दिला. ही माकडे लशीसारख्या मानवहिताच्या कामासाठीच वापरली जातील अशी अट असताना त्यांच्यावर लष्करी हेतूने किरणोत्सर्गाचे प्रयोग होत असल्याचे उघड झाले. तेव्हा मोरारजीभाईंच्या जनता सरकारने १९७८ पासून माकडांची निर्यात बंद केली. अटलजी आणि अडवाणीजी त्या मंत्रिमंडळात होते. परकीय चलनाच्या मोहापुढे न झुकता घेतलेला तो निर्णय आजही अभिमान वाटावा असा आहे.

निर्यात थांबली तरी जगाची गरज संपली नव्हती. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीची प्रत्येक खेप सुरक्षित आहे की नाही, हे माकडाच्या मज्जारज्जूत ती टोचून पाहावे लागे. उंदराला मानवी पोलिओ सहसा होतच नाही, कारण त्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारे दार उंदराच्या पेशीवर नसते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते मानवी दार, म्हणजे ग्राहक प्रथिन, १९८९ साली ओळखले गेले. त्याचे जनुक उंदरात घालण्यात तेथील आणि जपानमधील संशोधकांना १९९० च्या सुमारास यश आले. या उंदरावरील चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने शतकाच्या वळणावर माकडांवरील चाचणीचा पर्याय म्हणून मान्यता दिली. प्रथम पोलिओच्या तिसऱ्या प्रकारासाठी, नंतर इतरांसाठी.

१३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळलेला पोलिओचा रुग्ण भारतातील शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला. कुबड्या टेकत शाळेत येणारी मुले ज्या पिढीने पाहिली आहेत, तिला या दिवसाचे मोल सांगावे लागत नाही. बूथवर 'दो बूँद' पाजणाऱ्या अंगणवाडी सेविकेपासून मुंबईच्या हाफकिनमध्ये लस भरणाऱ्या कामगारापर्यंत अनेकांचे श्रम त्यामागे होते. त्या श्रेयनामावलीत सर्वांत शेवटी का होईना, माकडाचे आणि माकडाच्या जागी उभ्या राहिलेल्या मूषकाचेही नाव असावयास हवे.

कोणी म्हणेल, माकडाचे दुःख उंदराच्या गळ्यात बांधले, एवढेच झाले. हा आक्षेप खोटा नाही. परंतु रानातून पकडून आणलेल्या, कळपातून तोडलेल्या माकडाच्या यातना आणि पिंजऱ्यातच जन्मलेल्या उंदराच्या यातना यांत तारतम्य आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेही हे तारतम्य मानले आहे. लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठे प्राणी टाळावेत आणि जेथे शक्य तेथे प्रयोगच टाळावेत, असे त्याचे सतरावे कलम सांगते. थोर नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक मांडून ज्याचा पाठपुरावा केला, तो हा कायदा. तो बाहेरून आयात झालेला नाही. या मातीतील करुणेने त्याला जन्म दिला आहे.

मालकी कोणाची?

पाश्चात्त्य जगात प्राण्याकडे पाहण्याची एक दृष्टी देकार्तपासून चालत आली आहे. तिच्या लेखी प्राणी म्हणजे एक यंत्र. यंत्र असेल तर त्याचा शोध लागू शकतो, आणि शोध असेल तर त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेता येते. १२ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेने हार्वर्ड विद्यापीठाच्या, हमखास कर्करोग होणाऱ्या उंदराला पेटंट दिले. सस्तन प्राण्याला मिळालेले ते जगातील पहिले पेटंट. त्याचे व्यापारी हक्क गेले संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ड्यूपाँ कंपनीकडे. कर्करोगावर काम करणाऱ्या वैज्ञानिकांनाच त्या कंपनीच्या अटी जाचक होऊ लागल्या, आणि अखेरीस १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला तिच्याशी समझोता करावा लागला.

सर्व पश्चिम एकाच सुरात बोलत होती असे मात्र नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पाच विरुद्ध चार मतांनी हे पेटंट नाकारले. उच्चस्तरीय प्राणी म्हणजे निव्वळ पदार्थांचे मिश्रण नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. युरोपीय पेटंट कार्यालयाने ते दिले, पण प्राण्याचे क्लेश आणि माणसाचा लाभ तराजूत घालून, आणि अनेक वर्षांच्या हरकतींनंतर त्याची व्याप्ती केवळ उंदरापुरती उरली.

भारताने काय केले? त्याच २००२ साली, अटलजींच्या सरकारच्या काळात, आपल्या पेटंट कायद्यात दुरुस्ती झाली. सूक्ष्मजीव वगळता वनस्पती व प्राणी, किंवा त्यांचा कोणताही भाग, यांना पेटंट मिळणार नाही असे तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले गेले. पेटंट म्हणजे केवळ व्यापाराचा विषय नसून सृष्टीकडे पाहण्याच्या दृष्टीचा विषय आहे, हा विचार दत्तोपंत ठेंगडी आणि स्वदेशी जागरण मंचाने त्यापूर्वी दशकभर गावोगाव मांडला होता. पंडित दीनदयाळजींनी व्यष्टी, समष्टी, सृष्टी आणि परमेष्टी यांची जी अखंड मालिका सांगितली, तिच्यात सृष्टी ही कोणाच्या मालकीची वस्तू नाही. उंदीर सांभाळता येईल, वापरता येईल, प्रसंगी मारावाही लागेल. पण 'हा जीव मी घडवला, म्हणून माझा' असे म्हणता येणार नाही.

पंचसूना आणि भूतयज्ञ

मग आपल्या परंपरेचे या विषयावर म्हणणे काय? येथे एक मोह टाळला पाहिजे. पुराणकथांत आधुनिक जनुकशास्त्र शोधत बसण्याची आवश्यकता नाही. त्याने विज्ञानाचेही भले होत नाही आणि पुराणांचेही. सावरकरांच्या विज्ञाननिष्ठेचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी त्या वाटेने जाऊ नये. परंपरेकडून तंत्राची अपेक्षा करू नये; विवेकाची करावी.

तो विवेक आपल्याला पंचसूनेच्या कल्पनेत सापडतो. सूना म्हणजे हत्येचे स्थान. स्मृतिकारांनी सांगितले की प्रत्येक गृहस्थाच्या घरात हत्येची पाच स्थाने असतात: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. स्वयंपाक करताना, दळताना, झाडताना, कांडताना, पाणी भरताना जीव मरतात. ते टळत नाही. म्हणून स्मृतिकारांनी 'चूल पेटवू नका' असे सांगितले नाही, आणि 'किड्यामुंग्यांचे काय एवढे' असेही म्हटले नाही. त्यांनी गृहस्थाच्या गळ्यात पाच यज्ञांचे कर्तव्य बांधले, आणि त्यांतील एक भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा त्यांना देणे. आजी पहिली पोळी गाईला आणि पानातला घास कावळ्याला काढून ठेवी, तेव्हा ती हेच करीत होती. अपरिहार्य हिंसा मान्य करणे, ती कमीत कमी ठेवणे आणि तिचे ऋण फेडणे, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच गृहस्थाश्रम धर्माला धरून चालतो.

आधुनिक समाजाच्या घरात आणखी एक सूना आली आहे. तिचे नाव प्रयोगशाळा. धान्याच्या कोठारात उंदराचे औषध ठेवणाऱ्या आणि रुग्णालयात मुलासाठी उत्तमातले उत्तम औषध मागणाऱ्या आपण तिच्याकडे नाक मुरडून पाहणे हा दांभिकपणा आहे. परंतु तिचा यज्ञ कोणता, हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य आपलेच आहे.

जगात इतरांना हे सुचले नाही असे नाही. जपानमधील संशोधन संस्थांतून प्रयोगात मेलेल्या प्राण्यांसाठी दरवर्षी स्मृतिविधी होतो आणि वैज्ञानिक त्यात फुले वाहतात. रशियात नोवोसिबिर्स्क येथे २०१३ साली प्रयोगशाळेतील उंदराचे स्मारक उभारले गेले. डोळ्यांवर चष्मा लावलेली एक म्हातारी उंदरीण सुयांनी डीएनएचा गोफ विणते आहे, असे ते शिल्प आहे. पितृपक्षात ज्यांचे कोणी नाही अशांनाही तिलांजली देणाऱ्या आपल्या समाजातील प्रयोगशाळांत असा एखादा दिवस पाळला जाण्यास काय हरकत आहे? त्याने उंदीर वाचणार नाही हे खरे. पण पिंजऱ्याशी काम करणाऱ्या तरुण संशोधकाचा हात बधिर होणार नाही.

कारण बधिरता ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी भीती आहे. सोळा कोटींच्या त्याच इंजेक्शनच्या बाबतीत, उंदरांवरील चाचण्यांच्या काही आकडेवारीत फेरफार झाल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केले. औषधाची मान्यता टिकली, मुले वाचत राहिली. परंतु ज्या जीवांचे प्राण घेऊन ती आकडेवारी मिळवली, तिच्याशीच खोटे वागणे हा दुहेरी अपराध आहे. खोटा प्रयोग, निष्काळजीपणे आखलेला प्रयोग, आधीच सिद्ध झालेल्या गोष्टीची केवळ पदवीसाठी केलेली पुनरावृत्ती: यांत मेलेला प्रत्येक उंदीर ही शुद्ध हत्या होय. तिला यज्ञाचे पांघरूण घालता येत नाही.

स्वदेशीची कसोटी

हा विषय केवळ करुणेचा नाही, स्वावलंबनाचाही आहे. कोरोना विषाणूच्या संशोधनासाठी मानवी ग्राहक प्रथिन असलेला उंदीर आवश्यक होता. तो अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात सार्स साथीनंतर तयार झाला होता आणि २००७ साली त्याविषयी प्रसिद्धही झाले होते. साथ ओसरली, मागणी संपली. २०२० साली गोठवून ठेवलेल्या बीजापासून तो वाण पुन्हा वाढवावा लागला आणि सारे जग रांगेत उभे राहिले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोव्हॅक्सिनची परीक्षा हॅमस्टरांवर आणि वीस माकडांवर घेऊन काम पुढे नेले. ते कौतुकास्पद होतेच. पण ऐन साथीत दुसऱ्याच्या दाराशी ताटकळण्याची वेळ पुन्हा येऊ नये, हा त्यातील धडा आहे.

आपले आजार आपलेच आहेत. गडचिरोली, नंदुरबारच्या वनवासी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या छळणारा सिकलसेल घ्या. मानवी सिकलसेलचे रक्त वाहणारे उंदीर अमेरिकेत १९९७ साली तयार झाले. २०२३ च्या अखेरीस तेथे या आजारावरील जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली, पण किंमत वीस लाख डॉलरच्या वर. वनवासी पाड्यावरील आईला या बातमीचा काय उपयोग? दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत स्वदेशी उपचाराचे काम चालू आहे, त्याला बळ दिले पाहिजे. हे होऊ शकते याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलण्याची उपचारपद्धती विकसित केली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशी उपचाराच्या सुमारे दशांश खर्चात ती उपलब्ध झाली. या पेशींची पहिली परीक्षाही मूषकावरच झाली होती.

त्याच वेळी उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. 'सिस्टिक फायब्रोसिस' या फुप्फुसाच्या आजाराचे जनुक उंदरात बिघडवले, तरी त्याच्या फुप्फुसाला माणसासारखा आजार होत नाही. उंदरात यशस्वी ठरलेली बहुतांश औषधे माणसात अपयशी ठरतात. म्हणून मानवी पेशींपासून बनवलेले सूक्ष्म अवयव, संगणकीय प्रारूपे असे पर्याय पुढे येत आहेत. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारताने मार्च २०२३ मध्ये नियम बदलून औषध चाचण्यांत अशा पर्यायांना वाट करून दिली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास तर आपण २०१४ सालीच बंदी घातली. ओठांच्या लालीसाठी जीव घेणे आणि लुळ्या बाळासाठी जीव घेणे यांतील भेद आपल्या कायद्याला कळतो.

आपण काय करावे?

टीका करणे सोपे असते. म्हणून काही ठोस गोष्टी सुचवून हा लेख संपवतो.

एक, सरकारी पैशाने जनुक बदललेल्या उंदरांचा कोणताही नवा वाण तयार करताना तो देशात अन्यत्र आहे काय, हे आधी पाहणे बंधनकारक असावे. बीज आणि भ्रूण गोठवून ठेवण्याची मध्यवर्ती सोय मजबूत झाली, तर केवळ वाण टिकवण्यासाठी पिढ्यामागून पिढ्या वाढवण्याची आणि मारण्याची गरज उरत नाही. दोन, निष्फळ मरणाऱ्या पिलांची संख्या प्रत्येक संस्थेने दरवर्षी प्रसिद्ध करावी. जे मोजले जाते, त्याची लाज वाटू लागते. तीन, असफल प्रयोगही प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे तीच चूक करून दुसऱ्या शहरात आणखी शंभर जीव जाणार नाहीत.

चौथी गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांसाठी. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत कायद्याने एक नीतिसमिती असते आणि तिच्यात वैज्ञानिक नसलेल्या, समाजाचे भान असलेल्या एका सदस्याची जागा असते. त्या खुर्चीवर बसणाऱ्याने बैठकीत चहा घेऊन सही करायची, की 'हा प्रयोग खरोखर आवश्यक आहे काय? कमी उंदरांत भागणार नाही काय?' असे विचारायचे, यावर पिंजऱ्यातील कित्येक जीवांचे भवितव्य ठरते. निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, वकील, गृहिणी, ज्यांना वाचनाची सवय आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य आहे, त्यांनी अशा जबाबदारीसाठी पुढे यावे. विज्ञानाला विरोध करण्यासाठी नव्हे, तर घरातील वडीलधारे माणूस तरुणांच्या कामावर जसे प्रेमाने लक्ष ठेवते, तसे लक्ष ठेवण्यासाठी.

पुढच्या भाद्रपदात गणरायाच्या पायाशी बसलेल्या मूषकासमोर मोदकाचा कण ठेवताना, पोलिओपासून वाचलेले आपल्या घरातील एखादे पाऊल आठवावे. ऋण मान्य करणे ही ते फेडण्याची पहिली पायरी असते.